राजा प्रशियाचा की प्रशियातला?

‘वाड्याचा मालक’ आणि ‘वाड्यातला भाडेकरू’ यांत काय फरक असतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘चा’ म्हटलं की हक्क आला, ‘तला’ म्हटलं की नुसता मुक्काम आला. युरोपच्या इतिहासात मात्र या एवढ्याशा फरकासाठी राजे, सम्राट, पोप आणि वकील कित्येक वर्षं कागद काळे करत बसले होते. १७०१ साली युरोपात एक नवा राजा झाला. त्यानं स्वतःला ‘प्रशियाचा राजा’ म्हणवलं नाही. त्याची पदवी होती ‘प्रशियातला राजा’. जर्मन भाषेत ‘चा’साठी ‘फॉन’ हा शब्द आहे आणि ‘मध्ये’साठी ‘इन’. या घराण्याला ‘इन’वरून ‘फॉन’वर यायला एकाहत्तर वर्षं लागली आणि त्यासाठी शेजारच्या एका देशाचा लचका तोडावा लागला.

प्रशिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्लिन येतं, टोकदार शिरस्त्राणं घातलेले सैनिक येतात, बिस्मार्क येतो. पण मूळचा प्रशिया बर्लिनजवळ नव्हताच. तो होता पाचशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, बाल्टिक समुद्राच्या काठी. तिथे प्रशियन नावाचे लोक राहत. ते जर्मनही नव्हते आणि पोलिशही नव्हते. त्यांची भाषा लिथुआनियन भाषेच्या नात्यातली होती आणि ते आपल्या जुन्या देवांना भजत होते. तेराव्या शतकात ट्यूटॉनिक नाइट्स या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघानं तलवारीच्या जोरावर त्यांना ख्रिस्ती केलं आणि त्यांची भूमी ताब्यात घेतली. हे मूळचे प्रशियन हळूहळू नाहीसे झाले. त्यांची भाषा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कायमची मावळली. म्हणजे ज्या सुमारास त्यांच्या नावानं एक राज्य जन्माला येत होतं, त्याच सुमारास त्यांची भाषा बोलणारी शेवटची माणसं मरत होती.

धर्मयोद्ध्यांचं आणि पोलंडचं वैर जुनं. १४६६ च्या तहानं प्रशियाचे दोन तुकडे झाले. पश्चिमेचा भाग, म्हणजे डान्झिग, टोरुन, मारिएनबर्ग ही श्रीमंत शहरं आणि व्हिस्टुला नदीचं मुख, थेट पोलंडच्या राजमुकुटाखाली गेला. त्याला ‘रॉयल प्रशिया’ म्हणत. पूर्वेचा भाग धर्मयोद्ध्यांकडे राहिला, पण पोलंडच्या राजाचे मांडलिक म्हणून. पुढे १५२५ मध्ये या संघाचा प्रमुख, होहेनझोलर्न घराण्यातला आल्ब्रेख्त, ल्यूथरच्या पंथात गेला. त्यानं संघाची जहागीर घरची करून टाकली आणि क्राकूव्हच्या चौकात पोलंडच्या राजापुढे गुडघे टेकून तो ‘प्रशियाचा ड्यूक’ झाला. यान माटेइकोनं १८८२ मध्ये या प्रसंगाचं भव्य चित्र काढलं. पोलिश माणसाला ते आजही प्रिय आहे आणि ते का, हे पुढची हकिगत वाचली की कळतं.

१६१८ मध्ये ही डची वारशानं त्याच घराण्याच्या थोरल्या पातीकडे, बर्लिनच्या ब्रांडेनबुर्गवाल्यांकडे आली. या पातीतला फ्रेडरिक विल्हेल्म, ज्याला ‘महान इलेक्टर’ म्हणतात, मोठा धूर्त गृहस्थ. स्वीडन आणि पोलंड यांच्या लढाईत तो आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला राहिला. बाजू बदलण्याची किंमत म्हणून त्यानं १६५७ च्या वेलाऊच्या तहात पोलंडकडून मांडलिकी माफ करून घेतली. डची पूर्ण स्वतंत्र झाली. मात्र पोलंडनं एक दोरी हातात ठेवली. होहेनझोलर्नांचा पुरुष वंश खुंटला, तर ही भूमी परत पोलंडकडे येणार, असं ठरलं. ही दोरी लक्षात ठेवायला हवी.

या महान इलेक्टरचा मुलगा फ्रेडरिक हा आपल्या गोष्टीचा नायक. त्याचा जन्म १६५७ चाच, आणि तोही पूर्वेच्या डचीतल्या क्योनिग्सबर्गमध्ये. लहानपणीच्या दुखापतीमुळे त्याचा खांदा वाकडा झाला होता. लोक मागून त्याला ‘वाकडा फ्रिट्झ’ म्हणत. १६८८ मध्ये तो गादीवर आला. पण ती गादी इलेक्टरची. पवित्र रोमन साम्राज्यात शेकडो लहानमोठे संस्थानिक होते. त्यांतल्या मोजक्यांना सम्राट निवडण्याचा अधिकार होता, त्यांना इलेक्टर म्हणत. मान मोठा होता, पण डोक्यावर व्हिएन्नाचा हाब्सबर्ग सम्राट होताच. बोहेमियाचं राज्य वगळलं तर साम्राज्यात दुसरा कुणी राजा असू शकत नव्हता.

आणि त्या वर्षांत तर शेजारीपाजारी सगळेच वर चढत होते. ऑरेंज घराण्यातला विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडचा राजा झाला. १६९२ मध्ये हॅनोव्हरला इलेक्टरपद मिळालं आणि इंग्लंडचा वारसाही त्याच घराकडे जाण्याची चिन्हं दिसू लागली. सॅक्सनीच्या ऑगस्टसनं तर १६९७ मध्ये पंथ बदलून कॅथलिक होऊन पोलंडचा मुकुट मिळवला. फ्रेडरिक आणि विल्यम यांची भेट झाली तेव्हा विल्यमला हातांची खुर्ची आणि फ्रेडरिकला साधी खुर्ची मिळाली, त्यावरून फ्रेडरिक रुसला, असं सांगतात. आपल्याला हसू येतं. लग्नाच्या मांडवात पाट आणि पंगतीवरून रुसणाऱ्या व्याह्यांची आठवण होते. पण त्या काळी खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची नव्हती. तहाच्या बैठकीत कुणाचा वकील आधी आत जाणार, कुणाच्या सैन्याची किंमत काय धरली जाणार, हे सगळं त्या मानावर ठरत असे. १६९७ च्या राइसविकच्या तहात ब्रांडेनबुर्गला हे चांगलंच जाणवलं. लढाईत सैन्य दिलं होतं, पण वाटणीच्या वेळी पदरात फारसं काही पडलं नाही.

मग राजा व्हायचं तर कुठला? ब्रांडेनबुर्गचा होता येत नव्हतं, कारण ब्रांडेनबुर्ग साम्राज्याच्या हद्दीत. पण बापानं मोकळी करून ठेवलेली ती पूर्वेची डची साम्राज्याच्या हद्दीबाहेर होती! तिथे सम्राटाचा कायदा चालत नव्हता आणि पोलंडची मांडलिकीही संपली होती. पायाखाली हक्काची, कुणाचीही मिंधी नसलेली अशी जमीन फ्रेडरिकपाशी एवढीच होती. त्याला मुकुट हवा होता आणि मुकुट ठेवायला जागा फक्त प्रशियात होती.

तरीही सम्राटाच्या संमतीशिवाय मुकुट घातला तर युरोपात हसं झालं असतं. कित्येक वर्षं बर्लिनचे वकील व्हिएन्नात खेटे घालत होते. तेवढ्यात नशीब उघडलं. १ नोव्हेंबर १७०० रोजी स्पेनचा निपुत्रिक राजा दुसरा चार्ल्स वारला. त्याच्या अफाट साम्राज्याच्या वारशावरून फ्रान्स आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध अटळ झालं आणि सम्राट लिओपोल्डला शिपाई हवे झाले. अवघ्या दोन आठवड्यांत, १६ नोव्हेंबरला, करार झाला. फ्रेडरिकनं आठ हजार सैनिक द्यायचे आणि सम्राटानं त्याला राजा म्हणून मान्यता द्यायची. या करारात बर्लिननं एक काळजी घेतली. सम्राट मुकुट ‘देतो’ असं नाही, तर फ्रेडरिकनं घेतलेल्या मुकुटाला तो ‘मानतो’, असाच अर्थ निघायला हवा होता. दिलेलं परत मागता येतं, मानलेलं नाही. सम्राटाच्या ज्या मंत्र्यांनी हा सल्ला दिला ते फाशी द्यायच्या लायकीचे आहेत, असं हाब्सबर्गांचा सेनापती प्रिन्स यूजीन म्हणाल्याचं सांगतात. तो म्हणाला असो वा नसो, पुढची दीडशे वर्षं पाहता ते बोलणं चुकीचं ठरलं नाही.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच, डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, दरबार बर्लिनहून निघाला. गाड्यांच्या रांगाच रांगा होत्या, आणि वाटेतल्या टप्प्यांवर मिळून तीस हजार घोडे लागल्याचं इतिहासकार सांगतात. प्रवास बारा दिवसांचा. गंमत अशी की, बर्लिनहून क्योनिग्सबर्गला जायचं तर मध्ये तो दुसरा, पोलंडचा प्रशिया ओलांडावा लागे. म्हणजे प्रशियात राजा व्हायला निघालेला माणूस अर्ध्या प्रशियातून परदेशी पाहुणा म्हणून चालला होता.

१८ जानेवारी १७०१ रोजी क्योनिग्सबर्गच्या किल्ल्यात समारंभ झाला. लाल भरजरी पोशाख, हिऱ्यांची बटणं. आणि मुकुट? तो फ्रेडरिकनं स्वतःच्या हातांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग राणी सोफी शार्लोटच्या डोक्यावर ठेवला. त्यानंतर दोघं चर्चमध्ये गेली आणि तिथे, खास या कामासाठी नेमलेल्या दोन बिशपांनी त्यांना पवित्र तेल लावलं. हा क्रम मुद्दाम ठरवलेला होता. आधी मुकुट, मग धर्म. माझा मुकुट पोपनं, बिशपनं किंवा प्रजेच्या प्रतिनिधींनी दिलेला नाही, असं न बोलता सांगणारा हा क्रम होता. बाहेर लोकांसाठी कारंज्यांतून वाइन वाहत होती आणि आख्खा बैल भाजला जात होता. लायब्निझसारख्या तत्त्वज्ञाशी मैत्री असलेल्या राणीला या सगळ्याचा कंटाळा आला आणि तिनं समारंभातच तपकीर ओढली, अशी एक आख्यायिका आहे. तिच्या स्वभावाला ती शोभते खरी.

आता तो ‘मध्ये’ कशासाठी, याकडे येऊ. फ्रेडरिकनं ‘प्रशियाचा राजा’ म्हटलं असतं, तर अख्ख्या प्रशियावर हक्क सांगितल्यासारखं झालं असतं. पण प्रशियाचा पश्चिमेचा तुकडा पोलंडचा होता. पोलंडच्या राजाच्या पदव्यांमध्येही प्रशियाचं नाव होतंच. शिवाय वेलाऊची ती दोरी होती. पोलिश सरदारांना भीती वाटत होती की, आज हा नाव घेतोय, उद्या जमीन घेईल. त्यांना शांत करण्यासाठी ‘मध्ये’ आला. माझी जी जमीन प्रशियात आहे, तिथला मी राजा, बाकीच्या प्रशियाशी माझा संबंध नाही, असा तो लेखी दिलासा होता. त्याचबरोबर सम्राटालाही एक हमी मिळत होती की, हा माणूस फक्त तिकडे, साम्राज्याबाहेर राजा आहे. बर्लिनमध्ये तो अजून इलेक्टरच आहे.

पोलंडचा राजा ऑगस्टस मान्यतेला तयार होता, त्याला स्वीडनविरुद्ध मित्र हवे होते. पण पोलंड हे सरदारांचं प्रजासत्ताक, आणि त्यांच्या सभेनं, म्हणजे सेइमनं, मान्यता दिली नाही. ट्यूटॉनिक नाइट्सच्या उरल्यासुरल्या संघानं निषेध केला, कारण त्यांच्या मते १५२५ मध्ये त्यांचीच मालमत्ता लुबाडली गेली होती. पोप अकराव्या क्लेमेंटचं तेच म्हणणं. चर्चच्या जमिनीवर एक प्रॉटेस्टंट राजा होतो म्हणजे काय? रोमच्या दफ्तरात पुढे ऐंशीहून अधिक वर्षं हा माणूस आणि त्याचे वंशज राजे नव्हतेच. फ्रान्सनं १७१३ च्या उट्रेख्टच्या तहात मान्यता दिली, पण ती पाहायला फ्रेडरिक उरला नव्हता. काही आठवडे आधीच तो वारला होता.

या मुकुटाचा खर्च इतिहासकार सुमारे ६० लाख थेलर धरतात, म्हणजे राज्याच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ दुप्पट. हा पैसा प्रजेच्याच खिशातला. आणि ज्या प्रशियाच्या नावानं हा थाट झाला, तिथेच १७०९ ते १७११ या काळात दुष्काळानंतर प्लेग आला आणि सुमारे एक तृतीयांश लोक मेले. गावंच्या गावं ओस पडली. राजाचे लाडके मंत्री पैसे उधळत होते आणि सरकारी धान्याची, मदतीची व्यवस्था कोलमडली होती. युवराजानं चौकशीचा आग्रह धरला आणि मुख्य मंत्र्याला जावं लागलं. हाच युवराज पुढे फ्रेडरिक विल्हेल्म, ‘शिपाई राजा’. १७१३ मध्ये गादीवर येताच त्यानं दरबाराचा बारदाना आवरला, पगार कापले, नोकर काढले. स्वतःचा राज्याभिषेक करवून घेण्याच्या फंदातही तो पडला नाही. १७०१ च्या त्या मुकुटांचे सांगाडे आज बर्लिनच्या शार्लोटनबुर्ग राजवाड्यात आहेत. त्यांतली रत्नं मात्र काढून घेतलेली आहेत.

इकडे ‘मध्ये’ची हमी आतून पोखरली जात होती. ती कुणी मोडली नाही, ती वापरातून झिजली. सैन्य झालं ‘रॉयल प्रशियन’. कचेऱ्या झाल्या ‘रॉयल प्रशियन’. ऱ्हाइनच्या काठचा, प्रशिया जन्मात न पाहिलेला सरकारी कारकून प्रशियन राजाचा नोकर झाला. पूर्वेच्या एका कोपऱ्याचं नाव हळूहळू घराण्याच्या विखुरलेल्या सगळ्या मुलखांवर पसरत गेलं. एकमेकांना न जोडलेल्या तुकड्यांना एका नावात बांधायचं काम या पदवीनं केलं. माझ्या मते, आठ हजार शिपायांच्या बदल्यात मिळालेली ही सर्वांत मोठी गोष्ट होती.

१७४० मध्ये नातू फ्रेडरिक दुसरा, ज्याला जग ‘फ्रेडरिक द ग्रेट’ म्हणतं, गादीवर आला. तोही अजून ‘प्रशियातला राजा’च. त्यानं पहिल्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या सायलेशियावर चाल केली आणि तो प्रांत पुढे गिळलाही. १७५० च्या त्याच्या चांदीच्या थेलरवर लॅटिनमध्ये मजकूर आहे, ‘फ्रेडरिकुस बोरुसोरुम रेक्स’, म्हणजे ‘प्रशियनांचा राजा’. जमिनीचं नाव नको, लोकांचं घ्या! नाण्यावरची ही मखलाशी मला फार गमतीची वाटते. तहाच्या कागदावर ‘मध्ये’ शिल्लक होता, बाजारात फिरणाऱ्या नाण्यावर तो नव्हता.

आजोबांच्या थाटामाटाची फ्रेडरिकनं आपल्या लिखाणात यथेच्छ टर उडवली आहे. मात्र त्याच वेळी त्यानं हेही मान्य केलं की, त्या पदवीमुळे घराणं ऑस्ट्रियाच्या जोखडातून सुटलं आणि वंशजांना त्या नावाजोगं कर्तृत्व दाखवणं भाग पडलं. त्याचं स्वतःचं मूळ ‘राज्य’ मात्र त्याला फारसं प्रिय नव्हतं. सात वर्षांच्या युद्धात १७५८ मध्ये रशियानं पूर्वेचा प्रशिया जिंकला आणि क्योनिग्सबर्गच्या लोकांनी रशियाच्या महाराणीशी निष्ठेची शपथ घेतली. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट तेव्हा त्याच गावात शिकवत होता. चार वर्षांनी मुलूख परत मिळाला, पण फ्रेडरिकनं पूर्व प्रशियात पुढे कधी पाऊल ठेवलं नाही.

पोलंडच्या सेइमनं ही राजपदवी मान्य केली ती थेट १७६४ मध्ये. तोवर पोलंड इतका दुबळा झाला होता की, त्याच्या मान्यतेची फार कुणाला पर्वा नव्हती. आठच वर्षांनी, १७७२ मध्ये, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी पोलंडचे लचके तोडले. फ्रेडरिकच्या वाट्याला रॉयल प्रशिया आला, डान्झिग आणि टोरुन ही दोन शहरं तेवढी राहिली, तीही १७९३ मध्ये गेली. ब्रांडेनबुर्ग आणि क्योनिग्सबर्ग यांच्यामधली फट बुजली. पोलंडकडून करून घेतलेल्या तहात वेलाऊची ती दोरीही कापली गेली. नव्या मुलखाला पश्चिम प्रशिया आणि जुन्या डचीला पूर्व प्रशिया अशी नावं मिळाली. आणि फ्रेडरिक ‘प्रशियाचा राजा’ झाला. १७०१ मध्ये पोलिश सरदारांना जे भय वाटत होतं, ते शब्द न शब्द खरं ठरलं. 

ही शब्दांची झटापट त्या घराण्यात पुन्हा एकदा झाली. १८७१ मध्ये फ्रान्सला हरवून जर्मनी एक झाला. व्हर्सायच्या आरसेमहालात नव्या सम्राटाची घोषणा करायला दिवस निवडला १८ जानेवारी, म्हणजे १७०१ च्या राज्यारोहणाचाच. प्रशियाच्या विल्हेल्म राजाला ‘जर्मनीचा सम्राट’ व्हायचं होतं. बिस्मार्क म्हणाला, नाही, ‘जर्मन सम्राट’. कारण ‘जर्मनीचा’ म्हटलं की बव्हेरिया, सॅक्सनी, व्यूर्टेम्बर्ग इथल्या राजांच्या जमिनीवर हक्क सांगितल्यासारखं होतं आणि ते बिथरले असते. वाद आदल्या दिवशीपर्यंत चालला. शेवटी बाडेनच्या ग्रँड ड्यूकनं, जो विल्हेल्मचा जावई होता, युक्ती काढली आणि ‘सम्राट विल्हेल्म’ एवढंच म्हणून जयजयकार केला. ना ‘जर्मन’, ना ‘जर्मनीचा’. विल्हेल्म इतका चिडला होता की, समारंभ संपल्यावर मंचावरून उतरताना समोर उभ्या असलेल्या बिस्मार्ककडे न पाहता तो पुढे निघून गेला, असं बिस्मार्कनंच लिहून ठेवलं आहे.

प्रशिया हे राज्य २५ फेब्रुवारी १९४७ रोजी दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेनं ४६ क्रमांकाच्या कायद्यानं बरखास्त केलं. क्योनिग्सबर्ग त्याआधीच रशियाकडे गेलं होतं, आता त्याचं नाव कालिनिनग्राद आहे. फ्रेडरिकनं ज्या किल्ल्यात स्वतःच्या हातांनी मुकुट घातला, तो १९४४ च्या ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात जळाला आणि उरलेले भग्न अवशेष सोव्हिएत सरकारनं १९६८ मध्ये सुरुंग लावून पाडले. त्या जुन्या डचीची जमीन आज रशिया, पोलंड आणि लिथुआनिया या तीन देशांत वाटलेली आहे. रॉयल प्रशिया पोलंडमध्ये परत आला आहे.